वाघदेव भीतीतून जन्मला?

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल परिसरातला वाघदेव ही भीती आणि अज्ञान यांची निपज आहे, असे सुशिक्षितांत सर्रास मानले जाते. त्यांची बाजू आधी नीट मांडू. वाघ गुरे मारी, दुसरा उपाय नव्हता, म्हणून माणसाने वाघालाच शेंदूर लावला; आता वाघ गेला, शाळा आली, तेव्हा देवानेही निरोप घ्यावा. शिवाय भगताच्या, म्हणजे गावच्या मांत्रिकाच्या, नादी लागल्याने सर्पदंशाचा रोगी दवाखान्यात उशिरा पोचतो, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला माझा निःसंशय पाठिंबा आहे. पण भगताचा दोष वाघदेवाच्या माथी का मारायचा?

अज्ञानाचा मुद्दा घेऊ. प्राचीन चीनइतका दप्तरात मुरलेला समाज विरळाच. तिथेही दारावर पीचच्या लाकडाचे रक्षक असत. शेन-तू आणि यू-ल्यू हे दोघे दुष्ट भुतांना दोरीने बांधून वाघापुढे टाकतात, अशी श्रद्धा होती. दाओपंथी ताईत म्हणजे तर लेखी हुकूमच. त्याच्या शेवटी 'कायद्याबरहुकूम तत्काळ अंमल व्हावा' अशा अर्थाची, हान राजवटीच्या सरकारी कागदांतली ओळ असे. दुसऱ्या शतकात उदयाला आलेल्या स्वर्गगुरू पंथात रोग्याच्या अपराधांची कबुली तीन प्रतींत लिहीत. एक डोंगरावर ठेवीत, एक पुरीत, एक पाण्यात सोडीत. स्वर्ग, पृथ्वी आणि जल या तिघा अधिकाऱ्यांना प्रत्येकी एक प्रत! ही निरक्षरांची करणी म्हणायची काय? मुळीच नाही.

आता भीती. भ्यालेला माणूस कुंपण घालतो, सापळा लावतो. वाघबारशीला, आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी घरोघरचे तांदूळ गोळा करतात, वाघदेवापाशी शिजवतात आणि त्याला नैवेद्य दाखवून मग जेवतात. देवाच्या लाकडी फळीवर वाघाशेजारी सूर्य, चंद्र आणि नागही कोरलेले आढळतात. चंद्र कुणाची गाय ओढून नेतो? चिनी पुरोहित भुताला हुकूम सोडतो, कारण त्याचे जग अधिकाऱ्यांच्या उतरंडीचे आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी गुराखी वाघाला वाटा देतो, कारण रान सामाईक आहे. दोन्हीकडे रक्षणाच्या विधीत त्या त्या समाजाची घडण उतरली आहे. एकट्या भीतीतून हा फरक निघत नाही.

बिबट्या अजून आहे म्हणून प्रथा टिकली, असे कुणी म्हणेल. पण बिबट्यासाठी वनखाते पिंजरा लावते, मेलेल्या गुरांची भरपाई देते. भीतीचा बंदोबस्त तिकडे होतो. बारशीचा भात तरीही वाघदेवापुढेच शिजतो.