माटुंग्याचा दिवा

आपल्याकडे गोबरगॅसचा इतिहास बहुधा शेणापासून सांगितला जातो. तो माटुंग्याच्या कुष्ठधामापासून सांगायला हवा. मुंबईचे महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये उभ्या राहिलेल्या या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांतला वायू दिव्यांसाठी वापरला गेला. हवेविना जगणारे जिवाणू मैला कुजवतात, त्यातून ज्वलनशील मिथेन सुटतो. पुढे १९११ मध्ये इंग्लंडात एम. सी. पॉटर यांनी काहीही न जाळता सूक्ष्मजीवांकडून थेट वीज मिळवली. आजच्या सूक्ष्मजीवी इंधनघटाचे मूळ तिथे आहे. पॉटरचे नाव टिकले. माटुंग्याचे रुग्ण निनावीच राहिले. शहराने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच मैल्यावर तो दिवा जळला. या इतिहासाची पहिली ओळ त्यांची आहे.