शब्दांची घरे, अर्थांची नाती

‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे आपण सहज म्हणतो. काहीही बाकी ठेवले नाही, असा त्याचा अर्थ. पण फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे मोडणे, हार. उर्दूतही तो हाच अर्थ सांगतो. हरण्याचा शब्द मराठीत आला आणि हार न मानण्याचा झाला! मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. म्हणून काही जण विचारतात, तुमच्या मराठीत परके शब्द किती? मी म्हणतो, ‘शिकस्त’ कोणत्या रकान्यात घालायचा, ते आधी ठरवू या. मित्रहो, आज मला या रकान्यांच्या इतिहासाविषयीच थोडे बोलायचे आहे.

शब्द अकारविल्हे लावण्याची सवय आपल्याला अलीकडची. जुने कोशकार ते अर्थाप्रमाणे लावत. अमरसिंह या बौद्ध पंडिताचा ‘अमरकोश’ घ्या. तीन कांडे, २५ वर्ग, सुमारे दीड हजार श्लोक. झाडेवेली वनौषधिवर्गात, जनावरे सिंहादिवर्गात. पाठ करणाऱ्या मुलाला शब्दांबरोबर जगाचा नकाशाही पाठ होई. पण नकाशा काढणाराही आपल्या काळाचाच असतो. मृदंग हे वाद्य पहिल्या कांडात, नाट्यवर्गात, देवादिकांच्या शेजारी आहे. तो वाजवणारा मार्दंगिक मात्र दुसऱ्या कांडात, शूद्रवर्गात. विणकर आणि कुंभारही तिथेच. वाद्य आणि वादक यांना जोडणारे नाते तिथे वेगळे सांगितलेले नाही. ते वाचणाऱ्याने मनात धरायचे.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’तही वर्गच आहेत, एकूण दहा. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशी त्यांची नावे. दरबारात रुळलेल्या सुमारे चौदाशे शब्दांना, त्यांत फारसी-अरबीच अधिक, संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. राज्य आपल्या भाषेत चालावे, हा हेतू स्वच्छ होता. पण त्या कोशाची बांधणी जोडीची आहे : एका बाजूला यावनी शब्द, दुसऱ्या बाजूला संस्कृत. लोकांच्या तोंडी शब्दाचे काय झाले, त्याने अर्थ कसा पालटला, हे नोंदवायला जोडीत जागा नसते. पुढे १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ आला. तो रचणारे माधव जूलियन स्वतः कवी होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

मग आला संगणक. त्याला मन नाही, त्यामुळे मनात धरलेले काही त्याला कळत नाही. प्रत्येक नाते लिहूनच द्यावे लागते. १९८५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने ‘वर्डनेट’चे काम सुरू केले. त्यात समानार्थी शब्दांचे गुच्छ आहेत आणि गुच्छागुच्छांत नाती आहेत : आंबा हा झाडाचा प्रकार, फांदी हा झाडाचा भाग. आपल्या पवईच्या आयआयटीत हिंदी आणि मराठी शब्दांची अशी जाळी विणली गेली.

कोणत्या गोष्टी आहेत, त्यांचे प्रकार कोणते, त्यांच्यात नाती कोणती, हे यंत्राला वाचता येईल अशा काटेकोर नियमांत मांडणे, याला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. २००३ मध्ये स्कॉट फरार आणि टेरेन्स लँगेंडन या भाषाशास्त्रज्ञांनी ‘गोल्ड’ नावाची अशी मांडणी पुढे ठेवली. नाम, लिंग, काळ या व्याकरणाच्या कल्पनाच तिने एका सामायिक चौकटीत बसवल्या. जगातल्या लहानमोठ्या भाषांची वर्णने एकमेकींशी ताडून पाहता यावीत, यासाठी हा खटाटोप. २०१० मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या शिवजा नायर आणि अंबा कुलकर्णी यांनी खुद्द अमरकोशातली नाती संगणकासाठी उलगडली. अवयव आणि अवयवी, जन्य आणि जनक, पती आणि पत्नी. आणि त्यांत एक नाते होते आजीविकेचे. शूद्रवर्गातल्या मार्दंगिकाला त्याच्या मृदंगापर्यंत पोहोचवणारी वाट हीच!

२०१६ मध्ये ‘ऑन्टोलेक्स’ ही मांडणी आली. तिने शब्दाची नोंद, त्याची रूपे, त्याचा अर्थ आणि त्यामागची संकल्पना ही चार घरे वेगळी केली. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. तर मग लिंग पुस्तक या वस्तूचे नव्हे, त्या त्या भाषेतल्या नोंदीचे. फारसी ‘शिकस्त’ ही एक नोंद, मराठी ‘शिकस्त’ ही दुसरी. दोघींचे अर्थ स्वतंत्र. मधे एक धागा, व्युत्पत्तीचा. परका की आपला, हा प्रश्न इथे उरतच नाही. शब्द कुठून आला, ही एक माहिती. तो आज कोणाचा आहे, ही दुसरी.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जे घर आराखड्यात नाही, त्यातला माणूस यंत्राला दिसत नाही. कोकणातल्या मुसलमान बायकांच्या बोलीतला किंवा मराठवाड्यातल्या दखनीतला शब्द नुसता ‘अपभ्रंश’ म्हणून टिपला, तर त्याचा अर्थ नोंदवायला जागा राहत नाही. म्हणून आराखडा आखतानाच त्या बोलणाऱ्यांना जवळ बसवले पाहिजे. शब्द गोळा करायला नंतर जाता येईल. पण कोणते प्रश्न विचारायचे, हे तेव्हाच ठरलेले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)