शहरजादला गोष्टी कोणी सांगितल्या?

‘अरेबियन नाइट्स’ची चौकट सर्वपरिचित आहे. रोज एका नववधूला पहाटे ठार करणारा राजा शहरयार, आणि गोष्ट अर्ध्यावर सोडून एकेक दिवस मिळवणारी शहरजाद. जवळच धाकटी बहीण दुन्याजाद बसलेली असते. तिचे काम एवढेच : ताईला गोष्ट सांगायची गळ घालणे.

१९७२ साली जॉन बार्थ या अमेरिकन लेखकाने ‘किमेरा’ या पुस्तकातल्या एका दीर्घकथेचे निवेदन या दुर्लक्षित बहिणीकडे सोपवले. तिच्या मते शहरजादपाशी गोष्टी नव्हत्याच. राजाला थोपवावे कसे, या विवंचनेत असताना एक जिन्न प्रकटतो : विसाव्या शतकातला, लेखन खुंटलेला लेखक, बराचसा बार्थसारखाच! त्याने ‘अरेबियन नाइट्स’ वाचलेले असते. दिवसा तो तिला गोष्ट सांगतो, रात्री ती राजाला ऐकवते. मग मुळात ती रचली कोणी?

उत्तराधुनिक विडंबन म्हणतात ते हेच. यात टवाळी दुय्यम असते. जुनी चौकट तशीच उचलून तिचे सांधे उघडे केले जातात.

विलक्षण गोष्ट अशी की, इतिहासात हे खरोखर घडले होते.

आंत्वान गालाँचा फ्रेंच अनुवाद १७०४ ते १७१७ या काळात निघाला. त्याच्याजवळच्या जुन्या अरबी हस्तलिखितात अल्लाउद्दीन नव्हता, अलिबाबाही नव्हता. त्या गोष्टी १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाने त्याला सांगितल्या. गालाँच्या रोजनिशीत दियाबची नोंद आहे. छापील खंडांत मात्र त्याचे नाव नाही.

पुढे त्याच शतकात डेनिस शाविस या सीरियन धर्मगुरूने पॅरिसमध्येच अल्लाउद्दीनचे अरबी हस्तलिखित तयार केले. अनेकांनी ते अस्सल मूळ मानले. ते गालाँच्या फ्रेंचवरूनच उलटे अरबीत आणलेले होते, असा निष्कर्ष मुहसिन महदी यांनी काढला. त्यांची चिकित्सक आवृत्ती १९८४ ची. म्हणजे बार्थच्या विनोदानंतर बारा वर्षांनी.

(मराठीतल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ही चिपळूणकरांनी इंग्रजीवरूनच आणल्या होत्या.)

दियाबने स्वतःचे प्रवासवर्णन अरबीत लिहून ठेवले होते. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात ते दीर्घकाळ अनामिक राहिले. पॅरिसमध्ये एका वृद्ध विद्वानाला आपण गोष्टी सांगितल्याचे त्यात तो ओघात नमूद करतो. त्या गोष्टींनी त्या विद्वानाने आपले पुस्तक पूर्ण केले, एवढेच तो त्यांच्याविषयी सांगतो.