परका शिक्षक, परकी भाषा : जपान, हैदराबाद आणि बीड



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण शिक्षिकेनं विचारलं होतं, ‘सर, जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला परक्या माणसाला बोलावतात, तर तिथं त्याचं नेमकं काम काय असतं?’ प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधायला आम्ही जपानला गेलो आणि फिरून बीडलाच येऊन पोचलो. ते कसं, हे आज सांगायचं आहे.

जपाननं १९८७ मध्ये ‘जेट’ नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. शाळेत जाणाऱ्याचं पद असतं सहायक भाषा शिक्षकाचं. ‘सहायक’ हा शब्द महत्त्वाचा. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची, पाहुणा शेजारी उभा राहून उच्चार आणि संभाषण शिकवणार. गणित, विज्ञान, इतिहास हे सगळं जपानीतूनच. म्हणजे तिथं इंग्रजी हा विषय आहे, माध्यम नाही.

ही समज एका दिवसात आलेली नाही. मेइजी काळात जपाननं परदेशी तज्ज्ञ भरघोस पगारावर आणले, त्यांच्याकडून शिकून घेतलं आणि हळूहळू त्यांच्या जागी आपली माणसं बसवली. लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये मात्सुए गावी इंग्रजी शिकवायला आला, पुढं तोक्योच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९०३ मध्ये तो तिथून बाहेर पडला, आणि त्याच्या जागी जे शिकवू लागले त्यांत लंडनहून परतलेला नात्सुमे सोसेकी होता. सोसेकी पुढं कादंबरीकार झाला, आणि लिहिलं ते जपानीत.

आता हैदराबादकडे येऊ. निजामाच्या राज्याचे शिक्षणसंचालक होते सर रॉस मसूद, सर सय्यद अहमद खान यांचे नातू. १९२२ मध्ये ते जपानची शिक्षणपद्धती पाहायला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. देश आधुनिक व्हायचा तर ज्ञान स्वतःच्या भाषेत आलं पाहिजे, हे जपाननं सिद्ध केलंय, असं त्यांना दिसलं. हैदराबादेत १९१७ मध्ये भाषांतर विभाग सुरू झालाच होता, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. उच्च शिक्षण उर्दूतून, इंग्रजी सक्तीचा विषय. वैद्यकसुद्धा भारतीय भाषेत शिकवायचं, हे धाडस त्या काळी मोठंच होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण इथं तर्कात एक खाच आहे. ‘स्वतःची भाषा’ म्हणजे कुणाची? राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे. राज्यकर्त्यांची भाषा तीच प्रजेची, असं गृहीत धरलं गेलं. त्यामुळे बीडच्या मराठी मुलाला वरच्या वर्गात दोन भाषा परक्या झाल्या : इंग्रजी विषय म्हणून, उर्दू माध्यम म्हणून. जपानचा धडा बरोबर वाचला, लावला मात्र चुकीच्या घरी.

याचा अर्थ आम्हांला घरात कळला. वडील उर्दूतून शिकलेले. संध्याकाळी कंदिलाशी आमची भूमिती घेऊन बसत. आकृती झरझर काढत, सिद्धांत तोंडपाठ, पण सगळं ‘मुसल्लस’ आणि ‘जाविया’ या शब्दांत. त्रिकोण, कोन हे शब्द त्यांच्या जिभेवर येत नसत. मग ते थांबत आणि म्हणत, ‘मला येतंय रे, सांगता येत नाही.’ उर्दूवर त्यांचं प्रेम होतं, शेवटपर्यंत शेर म्हणायचे. दोष उर्दूचा नव्हताच. ज्ञान मिळालं, पण ते पोराच्या हाती देता आलं नाही, एवढंच.

दुसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, शिक्षण सोलापूर-पुण्याकडचं, म्हणजे निजामाच्या दृष्टीनं बाहेरचा माणूस. पण त्यांनी मुलांची भाषा आपली मानली. १९३८ मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. शिक्षक परका आहे की नाही, हे जन्मगावावरून ठरत नाही. तो मुलाच्या भाषेशेजारी उभा राहतो की तिच्या जागी बसतो, यावरून ठरतं.

आणि आज? आज निजाम नाही, फर्मान नाही. तरी गावोगाव ‘इंग्लिश स्कूल’च्या पाट्या आहेत आणि त्या आम्हीच लावल्या आहेत. दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारं लेकरू कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात असतं. त्याची आधीच निम्मी शाळा बुडते. परतल्यावर जे पुस्तक त्याच्या हाती पडेल, ते तरी त्याला कळणाऱ्या भाषेत असावं. इंग्रजी त्याला यायलाच हवी, चांगली यावी, बोलणारा पाहुणा शिक्षक मिळाला तर फारच छान. पण पाहुण्याची जागा शेजारची.

त्या शिक्षिकेला आमचं उत्तर एवढंच : जपानला जरूर जा. तिथं शेजारी कसं उभं राहायचं ते शिकून घ्या, आणि परत बीडला या.