वऱ्हाडातल्या उजेडाची बखर

राजांचा इतिहास शिळांवर आणि ताम्रपटांवर राहतो. घरातल्या उजेडाचा इतिहास कोनाड्याच्या काजळीत असतो, आणि दिवाळीपूर्वी घर सारवले की तोही पुसला जातो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविले, हे तेथील लेखावरून कळते. त्याच वत्सगुल्मात तिन्हीसांजेला दिव्यात तेल किती घालावे, हे ठरविणाऱ्या गृहिणीचे नाव मात्र कोणत्याही लेखात नाही.

काटकसरीचे शास्त्र होते तिच्याच हाती. तेल तिळाचे, जवसाचे किंवा करडईचे. शेतात पिकून घाण्यातून निघालेले, म्हणून थेंबाथेंबाला मोल. वात बारीक ठेवावयाची आणि जेवणे उरकली की दिवा मालवावयाचा. चुलीचेही तसेच. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असता वैलावरच्या उरल्या धगीवर वरण शिजे. जळण पऱ्हाट्यांचे, तुराट्यांचे आणि गोवऱ्यांचे. रात्री निखारे राखेत पुरून ठेवले म्हणजे सकाळी विस्तव नव्याने पेटवावा लागत नसे. तांब्याच्या बंबात विस्तवाची नळी पाण्याच्या मधोमध असे; त्यामुळे धग बाहेर पडण्याआधी पाण्याला लागे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले. कंदिलाबरोबर वात वरखाली करणारी चावी आली, म्हणजे उजेड हवा तेवढाच घेण्याची सोय झाली. पुढे ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. रोज सायंकाळी काच राखेने पुसण्यामागेही हिशेबच होता: स्वच्छ काचेतून थोड्या रॉकेलात अधिक उजेड पडे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील काळात गावोगाव विजेचे खांब उभे राहिले. उजेड आला, पण तेलाची बुधली रिकामी होताना जशी डोळ्यांना दिसे, तशी वीज संपताना दिसत नाही. तिचे बिल महिन्याने येते. काटकसरीचा जुना धागा तुटला तो येथे.

२०१५ साली 'उजाला' योजना आली आणि एलईडी दिवे स्वस्त झाले. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे लागत. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. जुन्या दिव्यातील बहुतेक वीज उष्णता होऊन वाया जाई. मात्र जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच बजावले होते, की यंत्रे कमी कोळशात चालू लागली म्हणजे कोळशाचा एकूण खप वाढतो. स्वस्त दिवा रिकाम्या खोलीतही जळत राहतो, हा त्यातलाच प्रकार होय.

खरी उधळपट्टी तर उष्णतेत आहे. पाणी तापविण्याची १,००० वॅटची कांडी तासाभरात एक युनिट खाते. तेवढ्यात एलईडी दिवा १११ तास जळेल. म्हणून नुसता दिवा बदलून भागावयाचे नाही. लागेल तेवढेच पाणी तापवावे, तापताच बटण बंद करावे, भांडे झाकावे. आपल्या आजीला यातले काहीही नवे वाटले नसते. तिला फक्त बटण कोठे आहे एवढेच दाखवावे लागले असते.