शब्दवेध : दळणातले ‘पीठ’ आणि आसनाचे ‘पीठ’

दळलेल्या धान्याला मराठीत ‘पीठ’ म्हणतात. संस्कृत ‘पिष्’ म्हणजे दळणे, चुरणे. या धातूपासून ‘पिष्ट’, म्हणजे ‘दळलेले’, हे रूप सिद्ध झाले. प्राकृतात त्याचे ‘पिट्ठ’ झाले आणि मराठीत ‘पीठ’. पिठी, पिठले, पिठोरी अमावास्या ही याच घराण्यातील नावे. ‘पिष्टमय’ आणि ‘पिष्टपेषण’ या शब्दांत मात्र मूळ रूप टिकून आहे. दळलेलेच पुन्हा दळणे, ते पिष्टपेषण.

हा शब्द कोकणीतही आहे. हिंदीत मात्र ‘आटा’ आणि गुजरातीत ‘लोट’ रूढ आहे. त्यामुळे बडोद्याच्या नागरवाड्यातील मराठी घरात जे पीठ, तेच बाजारात लोट होते. ‘मैदा’ आपल्याकडे फारसीतून आला.

पूर्व युरोपातील स्लाव्ह भाषांमध्येही पिठासाठी दोन शब्द आहेत. रशियन ‘मुका’, पोलिश ‘मोंका’ आणि स्लोव्हेन ‘मोका’ हे एका मुळाचे असून त्यांचा संबंध मऊपणा व मळणे या अर्थांशी जोडला जातो. सर्बियन आणि बल्गेरियन ‘ब्राश्नो’चे नाते लॅटिन ‘फारिना’शी आहे. गोव्याला परिचित असलेला पोर्तुगीज ‘फारिन्या’ याच ‘फारिना’पासून आला.

आपल्या ‘पीठ’ शब्दाचे भावंड तिथे वेगळ्याच ठिकाणी सापडते. गव्हाला रशियन भाषेत ‘प्शेनीत्सा’ म्हणतात. कांडणे या अर्थाच्या ज्या क्रियापदापासून तो शब्द आला, ते आणि संस्कृत ‘पिष्’ एकाच मुळाचे आहेत. एकच मूळ तिथे धान्याला लाभले, इथे त्याच्या पिठाला.

रशियन ‘मुका’चे दोन अर्थ होतात. आघात शेवटच्या स्वरावर असेल तर पीठ, पहिल्यावर असेल तर यातना. मराठीतही ‘पीठ’ दोन आहेत. आसन या अर्थाचे ‘पीठ’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम. दळणातले ‘पीठ’ तद्भव. उच्चारावरून हा भेद कळत नाही, तो विभक्तीप्रत्यय लागल्यावर लेखनात दिसतो. तद्भव शब्दाचा उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, तत्सम शब्दाचा दीर्घच राहतो. म्हणून ‘तांदळाच्या पिठाची भाकरी’, पण ‘विद्यापीठाची परीक्षा’ आणि ‘व्यासपीठावर’. ‘विद्यापिठाची’ असे लिहिले, तर ज्ञानाच्या आसनाचे दळण होते.