चार्ली रॉसचा शोध

१ जुलै १८७४ची दुपार. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन तीन दिवसांवर आलेला. फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागात वॉशिंग्टन लेनवरच्या एका घरासमोर दोन भाऊ खेळत होते. वॉल्टर सहा वर्षांचा होत आलेला, चार्ली चार वर्षांचा. बग्गीतून दोन माणसे आली. मुलांना ती अनोळखी वाटली नाहीत, कारण आधीच्या काही दिवसांत त्यांनी मुलांना गोळ्या दिल्या होत्या. वॉल्टरने ते वडिलांना सांगितलेही होते. कोणीतरी मुलांची आवड असलेले वाटसरू असतील, असे समजून वडिलांनी ते मनावर घेतले नाही. त्या दिवशी फटाके घेऊन देण्याचे आमिष होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानापाशी वॉल्टरच्या हातात पंचवीस सेंट ठेवून त्याला आत पाठवले गेले. तो फटाके घेऊन बाहेर आला, तेव्हा रस्त्यावर बग्गी नव्हती आणि चार्लीही नव्हता.

चार्ली रॉस पुन्हा कोणाला दिसला नाही. खंडणीसाठी मूल पळवल्याचे अमेरिकेत देशभर गाजलेले हे पहिले प्रकरण. ते सुटले नाही, आणि म्हणूनच त्याचा इतिहास १८७४मध्ये संपत नाही. हरवलेल्या मुलाचा शोध कसा घ्यावा, यासंबंधीचे बरेचसे आधुनिक संकेत अशाच न सुटलेल्या प्रकरणांतून घडले. ते कसे घडले आणि कोणाच्या मुलांना त्यांचा लाभ झाला, हे पाहण्यासारखे आहे.

एक मूल आणि सगळी मुले

चार्लीचे वडील ख्रिश्चन रॉस कापडाचे व्यापारी होते. घर प्रशस्त, वस्ती सधन. अपहरणकर्त्यांनी घरावरून ऐपतीचा अंदाज बांधला असावा. प्रत्यक्षात १८७३च्या आर्थिक मंदीने रॉस कर्जात होते. आई त्या वेळी प्रकृतीसाठी अटलांटिक सिटीला गेली होती. तिला धक्का बसू नये म्हणून वडिलांनी सुरुवातीच्या जाहिरातीत मुलाचे पूर्ण नाव दिले नाही, पण अखेर तिला ही बातमी वर्तमानपत्रातूनच कळली. पोलिसांचा पहिला तर्क असा होता, की दारूच्या नशेत कोणीतरी मुलाला नेले असेल आणि शुद्धीवर आल्यावर सोडून देईल. सर्वांत मोलाचे तास असे गेले.

दोन दिवसांनी पहिले पत्र आले. अक्षर वेडेवाकडे, शुद्धलेखन मुद्दाम बिघडवल्यासारखे. पुढच्या पत्रांत वीस हजार डॉलर मागितले होते. अशी वीसहून अधिक पत्रे आली, आणि वडिलांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींमधून त्यांना उत्तरे दिली.

रॉस यांच्यापुढचा पेच इथे सुरू झाला. शहरातले अधिकारी आणि प्रतिष्ठित नागरिक यांचे म्हणणे असे, की पैसे देऊ नयेत. एकदा खंडणी दिली की मुले पळवणे हा धंदा होईल आणि कोणाचेच मूल सुरक्षित राहणार नाही. हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण त्याची किंमत एका चार वर्षांच्या मुलाने मोजायची होती. शहराच्या महापौरांनी खंडणीच्याच रकमेइतके, म्हणजे वीस हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. चोरांना द्यायला नको असलेला पैसा चोर पकडून देणाऱ्याला द्यायला शहर तयार होते.

वडिलांचा निर्धार हळूहळू ढळला. जुलैच्या अखेरीस ते पेटी घेऊन रात्रीच्या गाडीने निघाले. रुळांच्या कडेला कंदील आणि पांढरे निशाण दिसेल तिथे पेटी बाहेर टाकायची, अशी सूचना होती. रात्रभर ते डब्याच्या टोकाशी उभे राहिले. खूण दिसली नाही. नंतर पत्रातून खुलासा आला, की रॉस दुसऱ्याच गावी गेल्याचे वर्तमानपत्रात छापून आल्यामुळे आम्ही आलोच नाही. ज्या वर्तमानपत्रांनी मुलाचे नाव देशभर पोचवले, त्यांच्यातल्याच एका चुकीच्या बातमीने ती भेट फसली. काही पत्रांनी तर संशयाचा रोख खुद्द वडिलांवरच वळवला.

नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पैसे घेऊन नातेवाईक वाट पाहत बसले. कोणीच आले नाही. डिसेंबरच्या मध्यावर ब्रुकलिनजवळच्या बे रिज इथे एका न्यायाधीशांच्या घरात शिरलेल्या दोन चोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. विल्यम मोशर जागीच मेला. जोसेफ डग्लस थोडा वेळ जगला आणि चार्ली रॉसला आम्हीच नेले, असे म्हणाला. मूल कुठे आहे ते मोशरला ठाऊक, असेही त्याने सांगितले; पण मोशर तर मेला होता. वॉल्टरला न्यूयॉर्कला नेऊन प्रेते दाखवली गेली आणि त्याने दोघांना ओळखले. मोशरचा मेव्हणा, पूर्वी न्यूयॉर्कच्या पोलिसांत असलेला विल्यम वेस्टरव्हेल्ट, याच्यावर १८७५मध्ये खटला चालला. तो कटाबद्दल दोषी ठरला, अपहरणाबद्दल नाही. मुलाविषयी त्याने काहीच सांगितले नाही.

गुन्हेगार बहुधा सापडले होते, शिक्षाही झाली होती. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, तो मात्र सापडला नव्हता. मुलांच्या बाबतीत ‘प्रकरण सुटले’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या वर्षी पहिल्यांदा इतक्या उघडपणे उभा राहिला.

घराने केलेली वाट

१८७६मध्ये ख्रिश्चन रॉस यांनी सगळी हकीकत लिहून पुस्तक प्रसिद्ध केले. शोधाला पैसे हवे होते आणि लोकांची आठवण टिकवायची होती. देशभरातून ‘हाच चार्ली’ म्हणून मुले दाखवली जात. वडील जात, पाहत आणि परत येत. १८९७मध्ये ते वारले, आई १९१२मध्ये. तोवर चार्ली असल्याचा दावा करणारी मुले प्रौढ पुरुष झाली होती. पन्नास वर्षे उलटल्यावरही वॉल्टर आणि बहिणींना ‘मीच तुमचा भाऊ’ अशी पत्रे येत होती. १९३९मध्ये ॲरिझोनातल्या एका न्यायालयाने गुस्ताव्ह ब्लेअर या वृद्ध सुताराला चार्ली रॉस म्हणून मान्यताही दिली. रॉस कुटुंबाने त्याला भाऊ मानले नाही.

अशा दुःखाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नाव मिळाले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलिन बॉस यांनी त्याची मांडणी केली. मराठीत त्याला अनिश्चित वियोग म्हणता येईल. माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही नाही. तेरावा घालता येत नाही, फोटोला हार घालता येत नाही. भारतातल्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात नाही असे गृहीत धरण्याची तरतूद आहे. वारसाहक्क, विमा यांसाठी ती लागतेच. पण कायद्याचे ते सातवे वर्ष घरात येत नाही. रॉस यांच्या घरात ते पन्नास वर्षांनीही आले नव्हते.

घटनेमागून नियम

प्रकरणाने लगेच काही बदल घडवले. पेनसिल्व्हेनिया राज्याने १८७५मध्ये अपहरणाची शिक्षा कठोर केली. पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेने मुलाचे वर्णन असलेली पत्रके दूरवर वाटली; हरवलेल्या मुलाचे भित्तिपत्रक ही ओळखीची गोष्ट बनली. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ या आयांच्या ताकिदीचे मूळही अनेकजण याच घटनेत शोधतात.

शंभर वर्षांनी हेच पुन्हा घडले. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या सोहो भागात एटन पॅट्झ हा सहा वर्षांचा मुलगा शाळेच्या बसथांब्यापर्यंत पहिल्यांदाच एकटा चालत गेला आणि परतला नाही. पुढे २५ मे हा दिवस अमेरिकेत हरवलेल्या मुलांचा राष्ट्रीय दिन ठरला. या प्रकरणात २०१७मध्ये एकजण दोषी ठरला. २०२५मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मुलाचा पत्ता आजही नाही.

त्या दशकात नियम वेगाने बदलले. १९८२च्या कायद्याने हरवलेल्या मुलांची नोंद एफबीआयच्या संगणकात होऊ लागली. १९८४मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी आयोवा राज्यातल्या एका डेअरीने बेपत्ता मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापले आणि ही पद्धत देशभर पसरली. न्याहारीच्या टेबलावर हे चेहरे पाहून लहान मुले घाबरतात, अशी तक्रार बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांनी केली. १९९०च्या कायद्याने सर्वांत साधी पण महत्त्वाची गोष्ट केली : मूल हरवल्याची तक्रार घेण्याआधी काही तास थांबण्याची पोलिसांची पद्धत बंद केली. १८७४मध्ये ‘दारुड्यांनी नेले असेल, सोडतील’ म्हणून वाया गेलेल्या तासांना कायद्याचे उत्तर मिळायला ११६ वर्षे लागली.

या गाजलेल्या प्रकरणांनी एक गैरसमजही रुजवला. अनोळखी माणसाने मूल पळवून नेऊन खंडणी मागणे किंवा ठार मारणे, अशा घटना फार थोड्या असतात. अमेरिकी सरकारच्या अभ्यासात १९९९ या वर्षात बेपत्ता म्हणून नोंदलेली मुले सुमारे आठ लाख होती आणि चार्लीसारखी प्रकरणे अंदाजे ११५. बाकीची बहुतेक घर सोडून गेलेली, घटस्फोटित पालकांपैकी एकाने नेलेली किंवा वाट चुकलेली होती. ज्याचा फोटो सर्वांना आठवतो त्या मुलामागे, ज्यांचा फोटो कोणी छापलाच नाही अशी हजारो मुले झाकली गेली.

आपल्याकडची मोजदाद

आपल्याकडे हा फरक अधिक ठळक दिसतो. नोएडाजवळच्या निठारी गावातून २००५ आणि २००६मध्ये एकामागून एक मुले नाहीशी होत होती. आईबाप मजुरी, धुणीभांडी, रिक्षा यांवर जगणारे. पोलिसांकडे गेल्यावर मूल पळून गेले असेल, मुलगी कोणाबरोबर गेली असेल, अशी उत्तरे त्यांना ऐकावी लागली. २९ डिसेंबर २००६ रोजी एका बंगल्यामागच्या नाल्यात अवशेष सापडले, तेव्हा देश हादरला. फाशीच्या शिक्षा झाल्या. मात्र ऑक्टोबर २०२३मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासातल्या गंभीर त्रुटी दाखवत आरोपींना निर्दोष ठरवले, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही तोच निर्णय दिला. म्हणजे आज निठारीही न सुटलेले प्रकरण आहे.

जर्मनटाउनचा दारुडा आणि निठारीचे ‘पळून गेलेले’ मूल, दोन्ही ठिकाणी पोलिसांनी सोयीचा तर्क आधी केला. फरक असा, की रॉस यांच्याकडे वर्तमानपत्रे होती, नागरिकांची समिती होती, महापौर होता. निठारीत यातले काहीच नव्हते.

प्रसिद्धीने चार्लीसाठी जे केले ते नियमाने प्रत्येक मुलासाठी करावे, हाच धडा यातून निघतो. १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशात उतरवला. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरायचे. आधी ‘गेले असेल’ हे गृहीत होते. आता ‘नेले असेल’ हे गृहीत झाले. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘ऑपरेशन मुस्कान’ मोहिमाही रेल्वे स्थानके, वसतिगृहे, आश्रयगृहे इथल्या मुलांची ओळख पटवून त्यांना घरी पोचवतात. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक तर १९९६मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेत सुरू झाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात ८३,३५० मुले बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यांपैकी ६२,९४६ मुली होत्या. त्याच वर्षी ८०,५६१ मुले सापडली. त्यांत आधीच्या वर्षांत हरवलेलीही आहेत. एवढी मुले सापडतात, यात नोंदीच्या सक्तीचा वाटा मोठा आहे. पण मुलींचे प्रमाण तिप्पट का, हे सांगायला नोंद पुरत नाही. आणि दरवर्षी न सापडलेल्यांची भर मागच्या शिलकीत पडते. त्या प्रत्येकाचे एक घर आहे.

रॉस कुटुंबाला आलेली पत्रे जर्मनटाउनच्या परिसरातल्या एका घरात जुन्या कागदांत सापडली आणि २०१३मध्ये त्यांचा लिलाव झाला. बेपत्ता व्यक्तींच्या माहितीचा एक मोठा अमेरिकी संग्रह आज चार्लीच्या नावाने चालतो. दीडशे वर्षांनंतर तो संग्रहणीय वस्तू झाला आहे आणि संस्थेचे नावही. आपल्याकडे पोलिस ठाण्याच्या भिंतीवर लागलेली पत्रके पावसाळ्यात भिजतात, वर दुसरी पत्रके चिकटवली जातात. त्या मुलांपैकी बहुतेकांचे नाव इतिहासात येणार नाही. त्यांच्यापुरता इतिहास म्हणजे ठाण्यातली एक नोंद. ती पहिल्या तासात झाली की चौथ्या दिवशी, यावर पुष्कळदा मूल घरी येते की नाही हे ठरते.